साखरदाणी

झारुहीने आयत्या वेळी टांग दिली
आणि दोघींच्या खर्चाचा हिशोब
एकटीच्या अंगावर आला.
शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे,
आईला मारलेली थाप, "हो, ती आहे ना सोबत",
आणि शेवटच्या पेपरनंतरच्या पहाटे
येरेवानहून सुटणाऱ्या मिनीबसमधली
चाकावरची जागा,
जिथे गुडघे हनुवटीशी बोलतात.

सादाख्लोच्या नाक्यावर पहिलावहिला शिक्का.
पासपोर्ट मिटण्याआधी मी शाई वाळू दिली.
मागचा माणूस खाकरला.
मी आणखी थोडी वाळू दिली.

त्बिलिसीत, लामाराबाईंच्या घरी,
आठ जणींची खोली, वरची खाट.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
अंथरूण पाच फुटी, मी साडेपाच.
हीटर रात्री दहाला लागतो, सहाला विझतो,
याची भिंतीवर तीन भाषांत सूचना
आणि खाली, चौथ्या भाषेत,
कुणीतरी पेनाने घातलेली शिवी.

वहीतल्या नोंदी:
पाव, तंदूरमधून आत्ताच काढलेला, एक.
दुपारी त्याचंच उरलेलं टोक.
रोपवे नाही, चढून गेले.
गंधकाची न्हाणी नाही.

पण न्हाणीघरांचे विटांचे घुमट
इथे जमिनीलगतच उगवलेले असतात.
एकाला दोन्ही तळवे लावून उभी राहिले.
खाली कुणीतरी रीतसर पैसे मोजून
बेसूर गात होतं.
झरोक्यातून वाफ आली, उकडलेल्या अंड्यांचा वास आला.
ज्याने तिकीट काढलं त्याला अख्खं अंग,
मला मनगटांपर्यंत.
तक्रार नाही.

या शहरातली अक्षरं सगळी वळणांची,
गाठ मारायची राहून गेलेले दोरे.
तीन दिवस मी पाट्यांवरून घसरत होते.
आमची अक्षरं आकड्यांची, कशातही अडकणारी,
आणि चौथ्या दिवशी,
पुलावरच्या जुन्या बाजारात,
बिनहाताच्या बाहुल्या, कुणाकुणाची पदकं
आणि कॅमेऱ्यांच्या रिकाम्या कातडी पिशव्यांमधून
एक आकडा लागलाच.

चांदीची साखरदाणी, मुठीएवढी.
झाकणावर आमची लिपी.

विकणारे नुग्झारकाका, कानटोपीवर दुसरी कानटोपी.
"चाळीस लारी. नक्षी बघ," ते रशियनमध्ये म्हणाले.
"नक्षी नाही," मी शाळेतल्या रशियनमध्ये म्हणाले,
"लिहिलंय काहीतरी."
"वाच."
थुंकी लावून अंगठ्याने काजळी पुसली त्यांनीच.

*अर्शालुइस, दात सांभाळ. मामा.*

काका हसले. वरचे दोन नव्हते.
पुन्हा वाचायला लावलं,
शेजारच्या समोवारवाल्या बाईला हाक मारून तिसऱ्यांदा.
अर्शालुइस म्हणजे पहाट, मी सांगितलं,
मुलीचं नाव, आता आजी असेल,
किंवा नसेल.
बाई म्हणाली, मामा गोड होता.

मग काकांनी साखरदाणी उचलली,
नव्यानेच ओळख झाल्यासारखी हातात फिरवली,
आणि जरा उंच जागी, मखमलीच्या तुकड्यावर ठेवली.
"साठ," म्हणाले.

माझ्याकडे एकतीस होते, त्यातले वीस खाटेचे.
घासाघीस करावी तर कशाच्या जिवावर?
भाव मीच वाढवला होता, फुकटात, मोठ्याने, तीनदा.

काकांनी एक चिठ्ठी पुढे केली.
पुढच्या गिऱ्हाईकाला सांगायचं तर
उच्चार हवा ना नीट.
मी रशियन अक्षरांत लिहून दिला,
"लु"वर जोर नको, शेवटावर द्या.
त्यांनी ती झाकणाखाली दुमडली.
साखरेच्या जागी.

रात्री वहीत ओळ लिहिली, "साखरदाणी",
समोर रक्कम काय लिहावी कळेना.
खालच्या खाटेवरची मुलगी झोपेत कुणाला तरी नाही म्हणत होती.
दहा वाजायचे होते,
नळाचं पाणी हिरड्यांत सुईसारखं शिरत होतं.
वर चढण्याआधी
मी दात दोनदा घासले.