नदीतली बोरिंग

कोणालाही पाहता येतो असा सरकारी तक्ता.
त्यातून आमच्या तालुक्याच्या
एकशे बारा ओळी उतरवून घेतल्या मी.
एक ओळ, एक बोरिंग.
गाव, वस्ती, अक्षांश, रेखांश,
पाण्यातलं फ्लोराईड, शेवटी शेरा.
शेरा बहुतेक जागी एकच: चालू.

ग्रामपंचायतीचा संगणक
लाईन जायच्या आधी धापा टाकतो,
तेवढ्यात नकाशा मागितला त्याला.
दीडच्या आत निळा ठिपका,
दीडच्या वर लाल.
खळ्यावर तुरीचे दाणे सांडावेत
तसे पसरले ठिपके.
आणि एक लाल,
गावं सोडून, पांदण सोडून,
थेट पैनगंगेच्या धारेत उभा.

शिपाई वाकून पाहत म्हणाला,
"नदीत कोन खोदली वो ताई बोरिंग?
माशाईले तहान लागली का?"
मी हसले.
मग ती ओळ उघडली.

कुमरे टोली. घरं अडतीस.
फ्लोराईड चार पूर्णांक दोन.
रेखांशात चोपन्नच्या जागी पंचेचाळीस.
माहिती भरणाऱ्याचं नाव: माझं.

मार्च अखेर होता.
ग्रामसेवक दारात गाडी चालू ठेवून उभे,
"आज सगळं चढलंच पाहिजे."
चढवत होते मी,
डाव्या हातात पोळीचा तुकडा.
पाच आणि चार,
फुगडी खेळणाऱ्या दोन पोरींसारखे
हात न सोडता
जागा बदलून गेले.

पुढच्या वर्षी लाल रंगाचा डबा घेऊन
माणसं आली होती म्हणे,
वाईट पाण्याच्या बोरिंगवर पट्टा मारायला.
यादी धरून काठापर्यंत गेली असतील,
धारेकडं पाहत बिडी संपवली असेल.
त्यांच्या कागदावर एवढंच:
स्थळ आढळले नाही.
टोलीतली बोरिंग हिरवी राहिली.

शनिवारी स्कुटी काढली.
नाला ओलांडताना सायलेन्सरपर्यंत पाणी,
हा नाला तक्त्यात नाही.
बोरिंगजवळ मोबाईल धरून उभी राहिले,
आकडे थरथरायचे थांबेपर्यंत.
गुंड भरायला आलेली बाई म्हणाली,
"काय मोजून राह्यली वो?"
मी म्हटलं, मी कुठं उभी आहे ते.
"थे तं दिसूनच राह्यलं," ती म्हणाली
आणि दांडा मारू लागली.

शाळेच्या भिंतीवर सात वर्षांचे फोटो.
चौथीची पोरं, तीन रांगा,
मागे तोच कडुनिंब दरवर्षी थोडा जाड.
एकाही फोटोत एकही दात नाही.
मास्तरांना विचारलं,
फोटोवाला हसा म्हणत नाही का?
"म्हणतो नं.
तोंड मिटून हसतात, ताई.
आमच्याइथं तसंच हसतात."

माझ्या तक्त्यात
ह्यासाठी रकाना नव्हता.

तिथंच पायरीवर बसून
पंचेचाळीसचं चोपन्न केलं.
दुरुस्ती विनंती स्वीकारली, मंजुरी प्रलंबित,
असं काहीतरी आलं.
पण माझ्या नकाशावर
ठिपका नदीतून उठला,
नऊ किलोमीटर ओला चालत येऊन
टोलीत उभा राहिला, लाल.

पाणी तेच. गुंड तोच.
ती बाई तिसऱ्या खेपेला आली होती.

आचल कुमरे, इयत्ता सहावी,
कधीची मागे उभी होती
ओढणीचं टोक दातात धरून.
"ह्ये आमची बोरिंग?"
हो.
"मंग ह्याच्यात मी बी हाव?"

मी मोबाईल तिच्या हातात दिला.
ती दोन बोटांनी नकाशा ताणत राहिली.
नाला मोठा झाला, रस्ता रुंद झाला,
शाळेचं छप्पर हाताएवढं झालं.
ठिपका मात्र
तेवढाच.
ती अजून ताणत होती.