पोहता न येणाऱ्यांचं वर्गीकरण

अमरावती रोडवर, विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर
समुद्रापासून फार लांब एक लोखंडी कपाट आहे.
त्यात समुद्र ठेवलाय, जुन्या वर्तमानपत्रांत घालून.

पत्रक चारशे अकरा. मालवण, ओहोटी, १९७१.
जमा करणारे: दे. ना. उरकुडे.
डिंक लागला नव्हता; हे लाल शेवाळ
आपल्याच चिकट्यानं कागदाला धरून बसतं,
असं सांगायचे सर,
जे अंबाझरीतही घोट्यावर पाण्यात गेले नाहीत.

चिठ्ठीवर चिठ्ठी.
पहिलीवर ग्रॅसिलेरिया, म्हणजे सडपातळ.
दुसरी मद्रासच्या कुणा बाईंची, अक्षर तिरकं.
तिसरीवर नुसतं प्रश्नचिन्ह,
सरांच्या शिसपेन्सिलीचं.
जुनी चिठ्ठी काढायची नसते.
चुकलेलं नावही राहतं तिथंच, इतवारीतल्या दुकानावर
आधीच्या मालकाची पाटी राहते तसं.

मे महिना. शेहेचाळीस.
मी नखाएवढा तुकडा बशीतल्या पाण्यात सोडला
आणि तो हळूहळू उठून बसला,
फांद्या सोडवत, लाल.

मग ब्लेड, काप, काच.
यांचं कुळ ठरतं मादीवरून:
फळताना तिच्या पेशी कुणाला जुळतात,
कुठे भिंत घालतात.
नराबद्दल पुस्तकात एकच ओळ.
शेपूट नाही. पोहता येत नाही. पाणी नेईल तिकडे.
समुद्रात जन्मून!
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते.
सरांनी चष्म्यावरून पाहिलं,
"काऊन हसता जी, भोयर बाई? मले तरी कुठं येते?"

आता अहवाल आलाय जनुकांचा.
हे ग्रॅसिलेरिया नाहीच,
केव्हाच वेगळं निघालंय. नवी प्रजाती करा.
संशोधक पोरगा म्हणाला, सरांचंच नाव देऊ,
उरकुडिया. लॅटिनमध्ये बाईमाणूस होईल, चालतं.
सरांच्या मुलीला फोन लावला.
"बाबांचं नाव?" ती बराच वेळ हसली.
"ते तर आम्हा बहिणींचीही नावं
रोज अदलाबदल करायचे."
हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

छापून येईपर्यंत नाव हे नाव नसतं.
तोवर प्रश्नचिन्हच खरं.
तुकडा मी परत कागदावर ठेवला,
बशीतलं पाणी वाया कशाला, कूलरमध्ये ओतलं.
पाच वाजता लांजेवार शिपाई
वाळ्याच्या पडद्याशी नाक लावून उभा,
विचारत होता,
मासे कोणी आणले.