ड्रायरखालचं दान

दर गुरुवारी संध्याकाळी सातला
वॉसॉमधल्या माझ्या तळघरात
चार माणसं बुटांचा बर्फ झटकत जिना उतरतात
आणि मरायला बसतात.

टेबल आहे, पेन्सिली आहेत, मार्लिसने आणलेलं चीज,
मागे ड्रायर कुणाची तरी जीन घुसळत असतो.
एकतीस हिवाळे मी काउंटीची बर्फ उपसायची गाडी चालवली.
रस्ता कुणाचा वैरी नसतो,
निसरडा असतो, एवढंच.

नव्यांना आधीच सांगतो : गोष्ट माझ्याकडे नाही.
माझ्याकडे टेकड्या आहेत, षट्कोनी घरांच्या कागदावर,
एक नदी, तिच्यावर मोडका पूल,
आणि पुलाखाली जे आहे
ते तुम्ही आलात तरी आहे, नाही आलात तरी.
दक्षिणेला बुजलेली विहीर. जा, नका जाऊ.
दलदलीतलं जनावर तुमची ताकद बघून
अंग चोरून बसणार नाही.

फासे मी उघड्यावर टाकतो.
समोर पुठ्ठ्याचा आडोसा असायचा, तो कधीच फेकून दिला.
त्याच्यामागे माझा हात
दयाळू व्हायला लागला होता.

मेलेल्यांचे कागद मासेमारीच्या डब्यात ठेवतो,
जुन्या गळांबरोबर. दोनशे सहा.
त्यातले चौदा एकट्या गॉर्डी फ्लूगचे,
चौदाही जणांचं नाव गॉर्डी.

पा निया सोळा वर्षांची. तिचा चोर, ब्रास्क,
तीन प्राण घेऊन जन्मला आणि अकरा गुरुवार टिकला.
आमच्याकडे याला म्हातारपण म्हणतात.
समासात तिने त्याची टोपी काढली होती,
आधी पेन्सिलीने, मग, जरा धीर आल्यावर, शाईने.

विहिरीच्या तळाशी पेटी होती.
रोज ती दहा फुटी काठीने आधी ढोसून बघायची,
आणि त्या दिवशी काठी वर हमालाजवळ राहिली.
मी विचारलं, "हाताने?"
एकदाच विचारतो. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे सांगणं.
"हाताने," ती म्हणाली.

सुई. विष. "तेरा किंवा वर."

हिरवा फासा चीजच्या ताटलीवर आपटला,
टेबलावरून उडाला आणि ड्रायरखाली गेला.
पडेल तिथे वाचायचा, हा इथला नियम.
"परत टाक ना पोरी," गॉर्डी म्हणाला,
स्वतःच्या चौदांसाठी ज्याने कधी तोंड उघडलं नव्हतं.
तिचा चुलतभाऊ शेंग छताकडे बघू लागला.

मी गुडघे टेकले, दोन्ही कुरकुरले.
टॉर्च मारला : धाग्यांचा गुंता, एक मोजा, एक नाणं,
आणि भिंतीला टेकून फासा.
तिथे फक्त मला दिसत होतं.
आडोसा फेकून इतकी वर्षं झाली
आणि एवढा मोठा पांढराशुभ्र आडोसा
माझ्याच घरात गुरगुरत उभा होता.

सरकलो. टॉर्च तिच्या हातात दिला.
"तूच वाच," म्हणालो, आणि दुसरीकडे पाहिलं.

ती फरशीवर पालथी पडली, गाल सिमेंटला लावून.
बराच वेळ.
ड्रायर थांबला.

"बारा," ती म्हणाली.

कुणी खाली वाकून बघितलं नाही.
मार्लिसने ताटली तिच्याकडे सरकवली.
कागद तिने स्वतःच घडी करून डब्यात ठेवला,
मग कोरा घेतला, तीन फासे सहा वेळा टाकले.
ताकद : पाच. मार्लिसला हसू आवरेना, मग पा नियालाही.

तीन गुरुवार गेले. मार्चातसुद्धा बर्फ हटत नव्हता.
तिची नवी बाई, अशक्त, शहाणी,
काठी आपटत विहिरीत उतरली.
मी वही उघडली. तारीख होती, जागा होती,
तो तिथेच होता, पेटीशेजारी, जसा सोडला तसा.
जगाने त्याला हलवायचं काही कारण नव्हतं.

तिने आधी काठीने ढोसलं.
काही झालं नाही.
"टोपी?" तिने विचारलं.
फासा टाकला, तिच्यासमोर.
"एका बाजूने उंदरांनी कुरतडलीय."
"चालेल," ती म्हणाली,
आणि नव्या कागदाच्या समासात
थेट शाईने काढायला लागली.