सात नंबरची काच

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी मरोळला जाते,
टॉर्च, भिंग, फूटपट्टी आणि कंपनीचं ओळखपत्र घेऊन.
खालून बोगदा गेला तेव्हापासून
गावठाणातल्या चर्चच्या भेगा मोजणं हे माझं काम.

काम सोपं आहे. भेगेवर काचेची आडवी पट्टी
प्लास्टरने चिकटवायची, कोपऱ्यात नंबर घालायचा.
काच शाबूत, तर भेग मेलेली.
काच तडकली, तर भेग जिवंत, असा अहवाल द्यायचा.
आमच्या खात्यात जिवंत हा वाईट शब्द आहे.

"चर्च काय म्हणते, देऊळ म्हण,"
सिमांव पहिल्याच दिवशी म्हणाला होता.
सिमांव कीणी, वय बहात्तर,
घंटा, मेणबत्त्या आणि कौलांखालच्या कबुतरांचा कारभारी.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
त्यातल्या निम्म्यांची कुलपं आजाच्या वेळीच हरवलेली.

दुखरं अंग डॉक्टरला दाखवावं
तसं त्याने मला देऊळ दाखवलं. इथे दाब. इथे नको.
चुन्यात एक आख्खा शिंपला, भट्टीतून निसटलेला.
खांबाच्या गिलाव्यात कुणा गवंड्याचा अंगठा.
मी माझा ठेवून पाहिला, बुडाला.
फरशीत इंगासचं थडगं, देवनागरीत,
'पाटलाची लेक' एवढंच उरलंय,
बाकीची तिची अक्षरं माणसांच्या चपलांबरोबर घरोघर गेली.
सिमांव तिला ओलांडून जातो,
साठ वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात तरी.

सात नंबरची भेग वेदीच्या डाव्या अंगाला.
तिच्यात मेणाचे थेंब, झावळीचा वाळका क्रूस,
एक दुधाचा दात,
घडी घातलेला कागद, जो मी उघडला नाही.
"माझ्या बापाच्या लग्नात पण होती ही," तो म्हणाला,
आणि फोटो काढून दाखवला.
खरंच. नवरीच्या डोक्यामागे
सुटलेल्या बटेसारखी एक काळी रेघ.

जूनपासून माझ्या वहीत: नाही, नाही, नाही.

डिसेंबरातही काच शाबूत.
फक्त, सातच्या पोटात मी आडवी रेघ देते,
शाळेपासूनची खोड,
आणि या सातला रेघ नव्हती.
भिंग लावलं.
काचेच्या कडेला सोनेरी कागद, नखाएवढा.

सिमांव नाताळच्या गोठ्यात गवत पसरत होता.
एरवी विचारतो, "काय म्हणते गो म्हातारी?"
आज मेंढ्यांची तोंडं एका दिशेला करण्यात गुंतलेला.

सही घ्यायला मागच्या खोलीत गेले.
भिंतीवर त्याची बायको, सेसिल, लुगड्यात, गळ्यात पोत.
चौकट होती. काच नव्हती.
गालावर धूळ बसायला लागलेली.
"वाऱ्यानं पडली," तो म्हणाला,
मी काही विचारलं नव्हतं.
खिडकीला कडी होती.

मी वही मांडीवर घेतली. बराच वेळ.
मग लिहिलं, आणि त्याला ऐकू जाईल असं वाचलंही:
सात, जिवंत.

त्याने सही केली. सावकाश, पूर्ण नाव.
"मग," तो म्हणाला, "मेली कवा होती?"

चार दिवसांत दाराला फळ्या आल्या, लाल पट्टी आली.
नाताळची मध्यरात्र अंगणात झाली म्हणे, मंडप घालून,
शेजारच्या काचेच्या इमारतीतल्या
रात्रपाळीच्या पोरांनी वरून पाहिली.
घंटा मात्र त्याने आत जाऊनच वाजवली.
कसा गेला, ते कुणी सांगत नाही.
किल्ल्या बऱ्याच आहेत त्याच्याकडे.

आज जानेवारीतला दुसरा मंगळवार.
पिशवीत दोन काचा, साकीनाक्याहून कापून आणलेल्या:
एक बोटभर रुंदीची पट्टी,
एक सात बाय नऊ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
गावठाणाच्या वळणावर खालून काहीतरी गेलं.
दोन्ही काचा एकमेकींना लागून
जराशा वाजल्या.