मोजपट्टी

वडील कालव्यावर मोजणीदार होते.
रखमाजी शेलार, पाटबंधारे खातं,
हजेरी पहाटे सहाला, सायकल स्वतःची.
पर्वतीच्या पायथ्याला भिंतीवर रंगवलेली पट्टी होती,
फुटांचे आकडे काळे, इंचांच्या रेघा लाल.
ते वाकायचे, ओठांनी मोजायचे,
कानावरची पेन्सिल काढून वहीत एक आकडा लिहायचे.
झालं काम.
एकोणतीस वर्षं.

शहराची तहान त्यांना त्या आकड्यातून कळायची.
"आज लष्कराकडे जास्त सोडलंय," म्हणायचे,
नाहीतर, "हडपसरचा ऊस पितोय."
काठावर गोधड्या धुणाऱ्या बाया त्यांना घाबरायच्या,
आणि ते त्या बायांना.

रविवारी मला शहर दाखवायला न्यायचे,
म्हणजे पाणीच.
लकडी पुलावर म्हणायचे, हात लाव.
दगड.
नवा पूल? माझ्याहून म्हातारा, बयो.
तळ्यातल्या गणपतीपाशी म्हणायचे, आता तळं शोध,
आणि मी खरोखर हिरवळीवर ओणवी होऊन बघायचे
कुठे ओल लागते का.
"इथं होडीतून दर्शनाला जायचे लोक."
त्यांनीही ते पाहिलं नव्हतं,
पण सांगताना पायजमा जरा वर धरायचे.

काळा हौद, नाना हौद, भुतकर हौद:
तेव्हाच त्या टांगेवाल्याला सांगायच्या खुणा झाल्या होत्या.
खाली मात्र, म्हणायचे, कात्रजचं तळं अजून चालत येतं,
दगडी नळातून, अंधारातून, पेठांच्या पोटातून,
आणि वाटेत त्याला दम घ्यायला
जागोजाग उसासे ठेवलेत.
मला वाटायचं, उसासा म्हणजे विहिरीचाच एक प्रकार.
पुढे दुसरा अर्थ कळला, तो मला अजून उसना वाटतो.

बाकीच्या वह्या खात्यानं रद्दीत काढल्या.
ही एक वाचली, कारण तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर
मी पाढे लिहिले होते.
एकसष्ट साल.
बारा जुलैच्या रकान्यात काही नाही.
त्या दिवशी ते पर्वतीच्या पायऱ्यांवर
कुणाकुणाच्या म्हाताऱ्या आणि शिलाई मशिनं चढवत होते.
तेरा जुलैला, नेहमीच्याच सरळ अक्षरात:
पातळी शून्य.
पेन्सिल इतकी दाबलेली की पानामागे
माझा सतराचा पाढा त्या शून्यावर अडखळतो.

धरण फुटलं होतं.
नदी पेठांतून फिरून परत गेली होती,
माळ्यावरच्या पिंपांत चिखल,
तारांवर लटकलेल्या गाद्या,
नारायण पेठेत झाडावर एक पाळणा, रिकामा,
रिकामाच होता असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.
आणि कालव्याच्या तळाशी
उलटे पडलेले खेकडे.
भिजलेलं अख्खं शहर, प्यायला घोट नाही.

मग लोकांनी फरश्या उचकटल्या.
ज्यांच्यावर कोळशाची पोती ठेवली होती, ती झाकणं.
दोर बांधून कळशी सोडली
आणि खालून आवाज आला, डुबुक्.
गार, काळं, कात्रजहून पायी आलेलं पाणी,
इतकी वर्षं कुणी विचारलं नाही तरी येत राहिलेलं.
आईनं तुरटी फिरवली, धडप्यातून गाळलं.
दगडाची चव होती.
वडील पहिला तांब्या हातात धरून
नुसते बघत बसले, किती भरलाय ते.

परवा कालव्याच्या रस्त्यानं चालत गेले.
पट्टीवर आता चित्र रंगवलंय, एक मोर, एक घोषवाक्य,
मोराच्या पायाखाली चाराचा आकडा अजून दिसतो.
शेजारी व्यायामाची यंत्रं आहेत,
त्यावर एक मुलगा उलटा लटकून मला विचारतो,
आजी, काय शोधताय?
पाणी बरंच खाली होतं.
साडेतीन, म्हटलं मी.
तो म्हणाला, नाही, चार वाजून गेले.