मंगळवारची गोळी

वार्डोत डिसेंबरातली सकाळ
फक्त घड्याळात होते.
बोर्गहिल्द अंधारातच उठते.
उपाशीपोटी गोळी,
वर पेलाभर साधं पाणी, तळ दिसेपर्यंत.
चघळायची नाही.
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही,
खायचं नाही,
कॉफीसुद्धा नाही.
कॉफीसुद्धा!

ईवर म्हणायचा,
तुला अर्धा तास गप्प उभं करील
असं औषध अजून निघायचंय.
निघालं की रे.

ती खिडकीशी ताठ. मनगटात
मार्चमधल्या निसरड्या पायरीची कळ.
चार सेंटिमीटर उंची कुठे सांडली,
डॉक्टरलाही सांगता आलं नाही.
खाली धक्क्याला बोट लागते,
कुणीतरी दोर फेकतं, कुणीतरी झेलतं.

साडेसात.
आता चालेल कॉफी.
ती आणखी पाच मिनिटं उभीच राहते,
ही औषधाची नव्हेत.