पंचेचाळीस अंश, तीन तास

आधी अडतीस. दोन तास.
मग पंचेचाळीस.
एकदम पंचेचाळीसला टाकायचं नाही,
डॉ. केळुसकर बजावतात,
सवय लागायला हवी पेशींना.
मी वहीत लिहिते: सवय.

काचेच्या बाटलीत, आगरच्या थरावर
कपाशीचा एक गोळा.
मूळ नाही, पान नाही, बोंड तर फारच लांब.
फुटलेल्या पेढ्यासारखा, हिरवट.
याला कॅलस म्हणतात.
म्हणजे घट्टाच,
माझ्या जावेच्या, विशाखाच्या अंगठ्याला
कात्रीने पडलाय तसा.
ती घरी बसून जीन्सचे सुटे धागे कापते,
डझनाला चार रुपये.

माटुंग्याच्या या खोलीत एसी दिवसरात्र,
बाटल्यांसाठी.
मे महिन्यात मी इथे स्वेटर घालते
हे घरी कुणाला खरं वाटत नाही.

एका रविवारी
जुना थर्मामीटर पर्समधून मानखुर्दला नेला,
पत्र्याखाली खुंटीला टांगला.
दुपारी तीनला त्रेचाळीस.
विशाखा म्हणाली, "तुम्हाला किती पाहिजे होते?"
आणि पुढची पँट मांडीवर ओढली.

तो आकडा मी कुठे लिहिला नाही.
त्याला रकानाच नव्हता.

पंचेचाळीसनंतर बाटल्या
चोवीस तास पंचवीस अंशांवर.
वहीत त्याला रिकव्हरी म्हणतात.
तरी काही गोळे तपकिरी पडतात,
आपल्याच रसाने, आतून.
कापूस लवकर चिडतो, केळुसकर म्हणतात.

मग प्रत्येकाचा एक कपटा औषधात,
अंधारात, रात्रभर.
औषधाला रंग नाही.
पेशी जिवंत असेल तर ती लाल होते.
मेलेली
होती तशीच राहते.

सकाळी कपाट उघडलं:
एकतीस नंबर लाल.
गुलालासारखा वगैरे नाही,
नख जरा खोल कापलं गेलं
की कडेला दिसतो, तेवढा.
केळुसकरांनी लगेच नागपूरला फोन लावला.
बाकीच्या सतरा बाटल्या मी ऑटोक्लेव्हमध्ये भरल्या.
तिथे एकशे एकवीस अंश.
तिथली सवय कुणालाच लागत नाही.

रात्री विशाखाने विचारलं, "झालं का लाल?"
"एक झालं."
"मग आता त्याचं काय?"
"आता परत तापवायचं. सत्तेचाळीसला."

ती हसली,
कात्री सापडेना म्हणून
दातांनीच धागा तोडत.